दोन मिनिटं काठावर

मी चंद्रपूरची.
सत्तेचाळीसचा पारा पाहिलेली,
खिशात कांदा घालून
मे महिन्यात टायपिंगच्या क्लासला सायकल हाणलेली.
आणि मला आडवं केलं कुणी,
तर वुल्व्हरहॅम्प्टनच्या चौतीस अंशांनी,
भाजीच्या वाफ्यात,
फरसबीच्या काठ्यांना सुतळी बांधून
उठता उठता.

आधी हिरवं काळं झालं.
मग काळंही गेलं.

डोरीन धावली शेजारच्या वाफ्यातून,
तिच्या गुलाबांची झारी माझ्या तोंडावर रिकामी केली.
"पांढरी पडलीस गं," म्हणाली.
मी, पांढरी!
चाळीस वर्षं या देशात राहून शेवटी जमलं म्हणायचं.
हसायला गेले तर ओठ फाटला.

सकाळी दोन गोळ्या असतात.
एक नळ्या सैल करते;
तिच्यामुळे संध्याकाळी घोट्यांवर मोज्यांचे वळ,
बोट दाबलं की खळगा राहतो
मळून ठेवलेल्या कणकेत राहावा तसा.
दुसरी पाण्याची.
वरून ऊन उपसतं, आतून ती.
एका विहिरीवर दोन मोटा,
आणि विहीर अडुसष्ट वर्षांची.

भाऊ फोनवर म्हणतो, लिंबू पीळ, मीठ घाल, साखर घाल.
अरे, मीठ बंद आहे.
मग कैरीचं पन्हं?
त्यातही मीठच ना रे.
लहानपणी जे जे वाचवायचं
ते सगळं आता तक्त्यात लाल रंगात.
उरला कांदा.
तो ठेवला मी खिशात, कुणाला न सांगता.
बसमध्ये एक बाई हुंगत राहिली.

हे घर थंडीसाठी बांधलेलं.
भिंतीत कापूस, जमिनीवर गालिचा,
खिडकी उघडते वीतभर.
रात्री एक वाजता मी न्हाणीघराच्या फरशीवर पाय टेकवून बसले
आणि ठरवलं.

तीन दिवस गोळ्या जिरेनियमच्या कुंडीत.
घोटे उतरले. चक्कर गेली.
जिना एका दमात चढले, गुणगुणत.
चौथ्या दिवशी, सहज म्हणून,
दंडाला पट्टा आवळला.
एकशे ब्याऐंशी.

विश्रामलाही छानच वाटत होतं.
पट्टा अजून त्याच्याच मापाच्या भोकापर्यंत झिजलेला आहे.

औषधांच्या दुकानातली ॲन्येश्का
माझ्या नातीच्या वयाची.
तिला कुंडीचं सांगितलं, मान खाली घालून.
ती रागावली नाही.
सर्जरीत फोन लावला, कानाशी धरून थांबली,
पंधरा मिनिटं,
माझ्यामागे रांग वाढत असताना.
डॉक्टरांनी त्याच दुपारी बोलावलं, रक्त काढलं,
उकाडा सरेपर्यंत पाण्याची गोळी अर्धी केली.
दुसरी आहे तशी.
"मनाने बंद नाही करायची," ॲन्येश्का म्हणाली,
"आधी विचारायचं. आणि उठताना घाई नको.
पलंगाच्या काठावर दोन मिनिटं."

दोन मिनिटं फार असतात.
आयुष्यभर मी गजराच्या आधी उठले,
शाळेच्या स्वयंपाकघरात सातला हजर,
चारशे पोरांचे बटाटे.
काठावर कधी बसले नव्हते.

आता बसते.
पावलं हलवते, आधी बोटं, मग टाचा,
जशी झोपलेल्या मुलांना हाक मारावी
दाराबाहेरून, हळू.
कचऱ्याची गाडी येते, जाते.
पहाटे पाचला भक्क उजेड, या देशाची जुनी खोड.
पलंगाची दुसरी बाजू सपाट आहे.
पूर्वी तिच्याकडे पाठ करून उठायचे.

भावाला सकाळचा आकडा कळवते.
एकशे अडतीस.
तो म्हणतो, माझा एकशे बेचाळीस, तू जिंकलीस.
चंद्रपूरला किती आहे रे?
सेहेचाळीस.
मग तू जिंकलास.

फरसबी आली आहे.
पण ती खालच्या बाजूला लागते, पानांआड,
वाकल्याशिवाय दिसत नाही.
डोरीनने एक बादली उपडी घालून ठेवली आहे तिथे,
काही न बोलता.
मी बसते. तोडते.
उठायचं नंतर बघू.